रिव्हर्स

दलदलीनं तो परत दिला तेव्हा आधी वास आला,
भिजलेल्या काडेपेट्यांचा,
आणि त्याच्या आतून कुठून तरी अजून डिझेलचा.
तीन ट्रॅक्टर, एक क्रेन, दोन तुटलेले दोर,
आणि संध्याकाळी क्रॅनबेरीच्या झुडपांत
काळं पाणी गाळत उभा सव्वीस टनांचा रणगाडा.
एन्डेल म्हणाला, "व्यायलेली गाय अशीच उभी राहते."
कुणी हसलं नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे.
मला बोलावलं ते गंजासाठी.
बटाटे धुवायच्या हौदात धुण्याचा सोडा, एक जुना चार्जर,
आणि एकेक नट तारेला टांगून
रात्रभर ऐकायचे बारीक बुडबुडे.
सकाळी गंज सायीसारखा वर.
तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं समीकरण
पहिल्यांदाच माझ्या नखांत गेलं.

पोलाद टिकलं होतं.
अ‍ॅल्युमिनियम मात्र दलदलीनं चघळून टाकलेलं,
इंजिनाला हात लावला तर
चहात पडलेल्या टोस्टसारखा लगदा.
मग रायवोनं लाटव्हियातल्या एका बंद खाणीतून
त्याचं बारा सिलिंडरांचं भावंड हुडकून आणलं.
उभा जन्म पाणी उपसण्यात गेला होता त्याचा.

आत सापडलं ते असं :
एक चमचा.
काचेची बाटली, बूच घट्ट, आत काहीच नाही.
एक बूट, डावा.
हाडं नव्हती. वरचं झाकण उघडं होतं.
पोलीस येऊन बुटाची नोंद करून गेले.

रंग कुठला द्यायचा यावर अख्खा फेब्रुवारी गेला.
आमच्याकडे हा प्रश्न हळू आवाजात विचारतात.
माझ्या थोरल्या मामाला एका सैन्यानं नेलं,
धाकट्याला दुसऱ्या.
आई दोघांसाठी मिळून एकच मेणबत्ती लावायची,
मेण महाग होतं म्हणायची.
शेवटी रणगाडा करड्या प्रायमरवरच राहिला.

मार्चमध्ये गिअरबॉक्स उघडला.
दांडा जागच्या जागी धरलेला, हलेना.
मेणचट झालेलं ग्रीस चमच्यानं खरवडून काढलं,
त्याच चमच्यानं, दुसरा हाताशी नव्हता.
खाली दात दिसले, एकमेकांत रुतलेले.
एन्डेल बॅटरी धरून बराच वेळ नुसता बघत राहिला.
ट्रॅक्टर स्टेशनात चाळीस वर्षं काढलेला माणूस,
त्याला दात वाचता येतात.
"रिव्हर्सला आहे," म्हणाला.
आणि मग, हात पुसत,
"मागं यायला बघत होता पोरगा."

पोरगा.
गावात इतकी वर्षं त्या आतल्या माणसाला
बरंच काही म्हणून झालं होतं.
हे कुणी म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात एका मंगळवारी
बाटल्यांतली दाबलेली हवा सुस्कारत आत शिरली,
इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं,
आणि अंगणातल्या कोंबड्या जंगलात पळाल्या.
माझ्या दातांत थरथर. काळा धूर. रायवो ओरडतोय,
"पुढं घे! पुढं!" हातात कॅमेरा,
समोर मोकळं कुरण, त्यासाठीच गवत कापलेलं.

एन्डेलनं दांडा ओढला.
रणगाडा मागे निघाला.
साखळीच्या खिळ्यांची खट्खट् खट्खट्,
कुंपण गेलं, माझे कोबीचे दोन वाफे गेले,
रायवोचा कॅमेरा रिकाम्या कुरणाकडेच राहिला.
अकरा पावलं. मी मोजली.

मग खालून तेलाची धार लागली आणि सगळं गप्प झालं.
एन्डेल बाहेर आला, सावकाश, गुडघे धरत.
खाली उतरला तर डावा पाय वाफ्यातल्या चिखलात रुतला,
दोन्ही हातांनी बूट ओढून काढावा लागला.
आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही.
"सील गेलंय," म्हणाला.
"उद्या बघू."